नऊ नावं, दहा मुलं

गुरुजी, काल नातीनं विचारलं, "एक आकडा काढला की सरासरी वाढते कशी गं आजी?" निवृत्त होऊन इतकी वर्षं झाली, तरी या गणिताशी माझं जमत नाही.

दुष्काळाचं वर्ष. देवगाव फाट्याजवळची आपली दोन शिक्षकांची शाळा, तुम्ही मुख्याध्यापक आणि मी नवी लागलेली बाई. तपासणीचं पत्र आलं. चौथीची महिन्याची सरासरी हजेरी एकवीस दिवसांच्या खाली गेली तर दुसऱ्या शिक्षकाची जागा बंद, म्हणजे माझी. घरात कमावणारी मी एकटी. चौथीत दहा मुलं. नऊ जण बावीस-बावीस दिवस आलेले आणि मेंढरांमागे फिरणारी एक मुलगी फक्त दोन दिवस. बेरीज दोनशे, सरासरी वीस. तिला वगळलं की उरलेल्या नवांची थेट बावीस. मी पाटीवर मांडून दाखवलं, तर तुम्ही केवढ्यानं खेकसलात! "दोन दिस आली ते बी आलीच की, बाई. सरासरी वाढवायची तर पोरीला मेंढरांच्या तळावरून आना, वहीतून काढू नका."

तपासणीच्या सकाळी तुम्ही साहेबांना आणायला फाट्यावर गेलात. मी हजेरीपत्रक उघडलं. तिच्या नावावर लाल शाईची रेघ सरळ आली. 'सतत गैरहजर, नाव कमी.'

साहेब खुर्चीत बसतात, वही उघडतात, नावं घेतात. नऊ नावं होतात, आणि समोर दहा मुलं बसलेली असतात. आदल्या दिवशी तुम्ही स्वतः मेंढरांच्या तळावर चालत जाऊन तिच्या बापाला गळ घातली होती, हे मला कुठं माहीत होतं? तेल लावून, वेणी घालून ती आली होती. "हिचं नाव कुठंय?" साहेबांनी विचारलं. तुम्ही वहीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. आणि तुम्हीच पुढं झालात. "मीच कमी केलं, साहेब. लय दिस आली न्हवती." तुमच्या नावावर शेरा बसला, निवृत्तीला वर्षही उरलं नसताना. माझी जागा राहिली. तुम्ही मला एका शब्दानं बोलला नाहीत, आणि त्याचाच मला राग यायचा.

पुढं तुम्ही तिला आणायला तीनदा तळावर गेलात. तिच्या बापानं पाणीसुद्धा विचारलं नाही. "काय चुकलं माझं, कळना झालंय," असं म्हणत तुम्ही पायरीवर बसायचात आणि मी वह्या तपासत राहायची.

गुरुजी, त्या दिवशी शाळा सुटल्यावर तिनं मला गाठलं होतं. "बाई, माजं नाव कुनी काढलं?" मी म्हटलं, "गुरुजींनी."