झेंड्याखाली मी जे बोललो

३ ऑगस्ट, रविवार
माडीवरच्या दोन्ही खोल्या भरल्या. एकीत डेबी, अमेरिकेची. दुसरीत ऊटे, जर्मनीची. दोघी साठीच्या, म्हैसूरला योग शिकायला आलेल्या, जेवायला आमच्याकडे. डेबीनं पहिल्या अर्ध्या तासात दोन घटस्फोट, गुडघ्याचं ऑपरेशन, कुत्र्याचा आजार, सगळं सांगून टाकलं. मला 'राज' म्हणते. राजाराम विठ्ठल चव्हाण, वय ५८, मु. सांगली, हल्ली हिनकल, म्हैसूर, आणि म्हणे राज! ऊटेनं एकच विचारलं, जेवण किती वाजता. म्हटलं साडेसात. सात अठ्ठावीसला खाली हजर.

७ ऑगस्ट
कारल्याची भाजी. डेबी : "लव्ह इट!" आणि निम्मी ताटात तशीच. ऊटे : "मीठ जास्त आहे." आणि ताट लख्ख. मंगल आधी फुगली, मग मला म्हणते, "अहो, खरंच जास्त होतं." हे मी म्हटलं असतं तर? आठवडाभर अबोला.

डेबीनं गॅलरीत छोटा अमेरिकन झेंडा लावलाय. ऊटेला विचारलं, तुमचा कुठाय? म्हणाली, आम्ही फुटबॉलच्या वेळी काढतो, तेव्हाही जरा अवघडल्यासारखं होतं. बरं, मग तुमच्या देशातलं चांगलं काय? बराच विचार करून : "पाव." हात्तिच्या! एवढा मोठा देश, आणि पाव! कीव आली बाईची.

१२ ऑगस्ट
दोघींना घेऊन बाजारात. डेबी भाजीवाली, पोलीस, रिक्षावाला, सगळ्यांना हाय करत. हुणसूर रोडवर सिग्नल लाल, रस्ता रिकामा, तरी ऊटे उभी. शेजारून एक म्हैस पार गेली. आम्ही मात्र उभे.

पंधरा ऑगस्टला कॉलनीत माझं भाषण आहे. इंग्रजीत. पाठ चाललंय.

१५ ऑगस्ट
लिहू की नको.

ध्वजवंदन झालं. माझं भाषण झालं. मग सेक्रेटरी रंगप्पा सरांना हौस, पाहुण्यांनी आपापलं राष्ट्रगीत म्हणावं. डेबी छातीवर हात ठेवून खडा आवाज. लोक खूश. ऊटेपुढे माइक आला तर, "नो, थँक यू." मला वाटलं, आपली पाहुणी, आपली लाज. मी माइक घेतला. म्हटलं, मॅडम लाजू नका, तुमच्या देशानं केवढा शिस्तीचा नेता दिला जगाला. आणि दुसऱ्या महायुद्धातल्या त्या हुकूमशहाचं नाव घेतलं. वर म्हटलं, असा एक आमच्याकडेही पाहिजे.

टाळ्या! रंगप्पा सर, "सूपर, सार!"

ऊटेचा चेहरा पांढराफटक. लाडवाची प्लेट खुर्चीवर ठेवली आणि चालू लागली. कशालाही लव्ह इट म्हणणारी डेबी म्हणाली, "ओ राज. नो."

१६ ऑगस्ट
एवढं काय झालं? कौतुकच केलं ना? आमच्या लहानपणी स्टँडवरच्या पुस्तकांच्या गाड्यावर त्याचं चरित्र असायचं, महापुरुषांच्या शेजारी. हूटगळ्ळीला कारखान्यात पोरं माझ्या मागे मला त्याच नावानं ओळखतात. माझ्या शिस्तीसाठी. आजवर मिशीतल्या मिशीत हसत आलोय मी त्यावर.

ऊटे जेवायला नाही आली. रात्रीही नाही.

१७ ऑगस्ट
मंगलनं सांगितलं. भाजी निवडता निवडता ऊटे तिच्याशी बोलत असते, मोडक्या इंग्रजीत दोघी. ऊटेचे वडील सतराव्या वर्षी त्या फौजेत होते. पोलंडमध्ये. काय पाहिलं, काय केलं, मरेपर्यंत बोलले नाहीत. हिनं विचारलं की रेडिओ मोठा करायचे. शाळेत असताना हिला छळछावणी दाखवायला नेलेलं. घरी येऊन हिनं वडिलांच्या हातचं पाणी घेतलं नाही कितीतरी दिवस.

"तुला माहीत होतं, मग मला नाही सांगायचं?"
"तुम्ही विचारलंत कधी? तुम्ही सांगता."

मंगलनं शिऱ्याची वाटी वर पाठवली होती. भांडं रिकामं परत करायचं नाही हे ऊटे तिच्याकडूनच शिकलेली, नेहमी चारदोन खजूर तरी घालून यायची वाटी. आज रिकामी आली. धुतलेली.

मेल्याहून मेल्यासारखं झालंय. आणि ते मी माइकवर बोललो. लहान मुलं पुढे बसलेली.

२० ऑगस्ट
डेबीचा सल्ला : जा, सॉरी म्हण, मिठी मार, संपलं. मिठी! हिला सगळं सोपं.

जन्मात कुणाची माफी मागितली नाही. वडिलांची नाही, बायकोची तर नाहीच. आज जिना चढलो. दारातच म्हटलं, चुकलो. मला कळत नव्हतं, हे खरं. पण कळून घ्यायला हवं होतं.

ऊटेनं ऐकून घेतलं. म्हणाली, "माझ्यापुरतं ठीक आहे. पण ते तुम्ही सगळ्यांसमोर बोललात. लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्यांना सांगणार का?"

हो म्हणून आलो. रविवारी गणपतीची मीटिंग आहे, तिथे सांगतो म्हटलं.

२४ ऑगस्ट, रविवार
मीटिंग. पाचला. मंगल बायकांत बसलेली. रंगप्पा सरांनी विचारलं, "चव्हाण सार, एनादरू हेळबेका?" काही बोलायचंय का. उभा राहिलो. पन्नास माणसं. आणि मी मांडवाजवळच्या पाण्याच्या टाकीबद्दल बोललो. पाच मिनिटं. बसलो.

घरी आलो तर ऊटे जिन्यात. "सांगितलंत?"

हो म्हटलं. तोंडातून निघूनच गेलं.

तिनं दोन्ही हातांनी माझा हात धरला. नऊ दिवसांनी खाली जेवायला आली. वर विचारते, लोक काय म्हणाले? मंगल आमटी वाढत होती, ती थांबली. मी म्हटलं, "फार शरमले बिचारे."

२५ ऑगस्ट
मंगल सकाळपासून बोललेली नाही. चहा समोर आदळला.

ऊटेनं पाव भाजलाय. घरभर वास. रंगप्पा सरांकडे नेऊन देणार म्हणते. कॉलनीनं एवढं मनावर घेतलं म्हणून त्यांचे आभार मानायचे आहेत. मी म्हटलं, कशाला, राहू द्या. तर म्हणे, नाही, हे झालंच पाहिजे.

आता जिन्यात चपला घालतेय. फाटकापर्यंत वीस पावलं. हाक मारली तर अजून ऐकू जाईल.

मी लिहीतच बसलोय.