गाडीचा आवाज बसला आहे

२ तारीख, सोमवार. सकाळ.
मी सांगते, नात लिहिते. अक्षर मला येत नाही, पण त्यावाचून कधी अडलं नाही. माझं सगळं शिक्षण कानाने झालं. पन्नास वर्षं आमच्या गॅरेजच्या दारात स्टुलावर बसले. गाडी कोपऱ्यावरून वळायच्या आत सांगायचे, बेअरिंग गेलंय की व्हॉल्व्ह. जुनी गिऱ्हाइकं अजून म्हणतात, आधी आजींना ऐकवा.
थोरला म्हणतो, आई, हल्ली कॉम्प्युटर लावून बघतात, तू घरी आराम कर. आराम म्हणे! मी बसले की माझे पाय उठतात.
खरी काळजी आमच्या ह्यांच्या जुन्या गाडीची आहे. तिचा आवाज बसला आहे. दोन वर्षांपासून पुटपुटते. घरात सगळेच हल्ली पुटपुटतात, पण त्यांना काय नवीन पार्ट घालणार?

३ तारीख.
मिस्त्रीला विचारलं. तो म्हणाला, चारी सिलिंडरचा धूर एकाच बिडाच्या डब्यात शिरतो. त्याऐवजी हेडर बसवता येतो. लांब नळ्यांचा. प्रत्येक सिलिंडरला स्वतंत्र नळी, पार खाली जाऊन मग चारींची एक. गाडीला जोर येईल म्हणाला.
जोर कोणाला हवाय? मला एवढंच कळलं की ज्याचं तोंड त्याला मिळणार. आता कोण गप्प बसतं ते बघते.

४ तारीख, बुधवार.
काम सुरू. जुने बोल्ट गंजलेले, दोन तुटले. नळ्या आत जाईनात, स्टीयरिंगचा दांडा आडवा. शेवटी इंजिन एका बाजूने उचललं. मी मध्ये फक्त चारदा उठले, सल्ला द्यायला. पाचव्यांदा मिस्त्रीने माझं स्टूल उचलून रस्त्याकडे तोंड करून ठेवलं. म्हाताऱ्या माणसाला हवा लागावी म्हणून. गुणी आहे.

६ तारीख.
सकाळी मिस्त्रीने गाडीखालून बिस्किट मागितलं. अख्खा पुडा पाठवला. त्याने पुड्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, पुन्हा पुड्याकडे. आभार मानायची रीतच राहिली नाही.
दुपार. नात म्हणते, त्याने गॅस्केट मागितलं होतं, नळीच्या जोडात घालायची चकती. मग तोंडातला स्क्रू काढून बोलावं माणसाने.

७ तारीख, शनिवार.
गाडी चालू झाली! काय घुमते! छातीत ऐकू येते. समोरचे मास्तर धावत बाहेर आले, दोन्ही हात कानांवर, तोंड सारखं हलतंय. फार कौतुक करत असावेत. आवाज मात्र खोल गेलाय त्यांचा. वय झालं.
मिस्त्री म्हणाला, दोनशे किलोमीटर झाले की बोल्ट पुन्हा आवळून घ्या, इंजिन थंड असताना. म्हटलं, कशाला? ढिले झाले की सगळ्यांत आधी मलाच ऐकू येईल.

११ तारीख.
नळ्या पोटाखाली लोंबतात. गतिरोधकावर अशी घासली की नातीने डोळे मिटले. गाडी तीच चालवत होती. ठराव: यापुढे गतिरोधक नसलेल्या रस्त्यानेच जायचं. असा रस्ता फक्त स्मशानाकडे जातो, पण रस्ता चांगला आहे.
बाजारात गाडी बंद केली ती पुन्हा चालू होईना. नळी स्टार्टरला खेटून जाते, तो तापला की रुसतो. चाळीस मिनिटं थांबलो. मी अजिबात वैतागले नाही. गाडीभोवती एकोणीस फेऱ्या मारल्या, त्या पाय मोकळे करायला.

१६ तारीख, सोमवार.
थोरला म्हणतो, सकाळी गाडी चालू केली की टिकटिक येते, गॅस्केट फुंकतंय, जोडातून धूर निसटतोय. नातीलाही येते म्हणे. मास्तरांनाही, रस्त्यापलीकडून! सगळे एकाच माळेचे मणी.
मला येत नाही, म्हणजे नाही.
थोरला म्हणाला, आई, शनिवारी सकाळी थंड गाडी चालू करू. बिघाड कुठे आहे ते तू कानाने सांग. सांगितलंस तर स्टूल तुझं, मी पुन्हा विषय काढणार नाही. नाही सांगितलंस तर त्या दिवसापासून गिऱ्हाइकाच्या गाडीवर तुझा शब्द चालणार नाही. मागच्या महिन्यात तू चांगलं म्हणालीस ते इंजिन रस्त्यात बसलं, मी कोणाला बोललो नाही.
मी तडकाफडकी हो म्हटलं. मागच्या महिन्यातलं इंजिन मुळातच कपटी होतं.

२० तारीख. दुपार.
तयारी पूर्ण. गाडी चालू ठेवून, काचा वर करून दोन तास आत बसले. मधूनमधून उठले, ते मोजायचं नाही. चारी सिलिंडर आता ओळखीचे झालेत. एक नंबर घोगरा, तीन नंबर लाजरा. उद्या थोरल्याचं तोंड बघण्यासारखं होईल.

२१ तारीख, शनिवार.
सकाळी सातला गाडी चालू केली. बॉनेट उघडं. मी डोळे मिटून उभी राहिले, नेहमीसारखी. ऐकलं. पुन्हा ऐकलं. सांगितलं, गाडी ठणठणीत आहे, तुमचे कान तपासा.
कोणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं, मी चार सुनावल्या असत्या.
मिस्त्रीने वर्तमानपत्राची पट्टी फाडून एक नंबरची नळी इंजिनाला मिळते त्या जोडाशी धरली. पट्टी उडायला लागली. थड, थड, थड, एका तालात. टोकावर काजळी धरली. नात त्याच तालात बोट हलवत होती. तिला ताल ऐकू येत होता. मी नुसती पट्टी बघत होते.
थोरल्याने गाडी बंद केली.

२२ तारीख, रविवार.
मिस्त्रीने गॅस्केट बदललं, बोल्ट आवळले. थोरला म्हणाला, टिकटिक गेली. मला गाडी कालच्यासारखीच वाटते.
उद्या साडेदहाला कानाच्या डॉक्टरकडे जायचं. गाडीची चाचणी घ्यायचीच आहे, दवाखाना वाटेत पडतो. तसा तो वाटेत नाही. दोन गतिरोधक पलीकडे आहे.
आत्ता लिहिता लिहिता नात काहीतरी म्हणाली. मी मान डोलावली. ती थांबून माझ्याकडे बघत राहिली, म्हणजे तो प्रश्न असणार.
मला ऐकू आलं नाही. लिही, तसंच लिही.