केसाहून बारीक तार

आप्पा, ते जांभळट तारेचं रीळ तुम्ही कुठून आणलं होतं, एवढंच मला विचारायचं आहे. लाईट गेलीय, दुकानात दोन पाणबुड्या मोटरी उघड्या पडल्यात, वार्निशचा वास कोंडलाय, आणि मशीन बंद असलं की मला नुसतं बसवत नाही हे तुम्हाला माहीत आहे. म्हणून कागद घेतला. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, पण असं लिहावंसं कधी वाटलं नाही, कारण तुम्हाला विचारण्यासारखं काही उरलंय असंच वाटत नव्हतं. जळकी मोटर नव्या तारेनं भरायला तुम्ही शिकवलंत. गिटारचं पिकअप भरायला मी माझा मी शिकलो. त्यात तुमचा काही संबंध नाही असं मी आजवर धरून चाललो, आणि आता गाडी येऊन अडली ती नेमकी अशा जागी, की तुमच्याशिवाय कुणाला काही ठाऊक नाही.

पिकअप म्हणजे काय हे मी तुम्हाला कधी नीट सांगितलं नाही. इलेक्ट्रिक गिटारच्या तारांखाली एक बोटभर लांबीची डबी बसते. तिच्यात लोहचुंबकाच्या सहा कांड्या, आणि त्यांच्याभोवती केसाहून बारीक तांब्याच्या तारेचे हजारो वेढे. वरची तार थरथरली की खालच्या वेढ्यांत करंट उमटतो, तोच पुढे स्पीकरमधून वाजतो. गावाला हे समजवता समजवता मी थकलो. तुमच्या पाटीखाली मी 'हँडमेड पिकअप' अशी दुसरी पाटी लावली, तर दुसऱ्याच दिवशी एक जण दारात कांद्याच्या गोण्या उतरवून उभा. "राहात्यापत्तूर काय घ्याल?" म्हटलं, बाबा, ही ती पिकअप नाही, माझ्याकडे गाडी नाही. "मंग बोर्ड कशाला लावलाय?" असं म्हणून तोच माझ्यावर रागावून गेला. आईनं आतून ऐकलं होतं. ती म्हणाली, "गाडी घेतली असती तर बरं झालं असतं."

ज्या दिवशी हे सुरू झालं तो दिवस मला लख्ख दिसतो. लग्नसराई आहे. पलीकडच्या गावचा बेंजोवाला बेंजो काखेत मारून दुकानात येतो. "आप्पा, बघा की, आवाजच बसलाय. सांजच्याला वरात हाय." तुम्ही जळक्या मोटरीतून तार ओढत आहात, मान वर करत नाही. "आमी पानी उपसायच्या मोटरी भरतो. नाचायच्या न्हाई." तो हसतो, पण जात नाही, बाकावर बसून राहतो. मी बेंजो उघडतो. आत लोहचुंबक आणि तुटलेली तार, म्हणजे आपलीच गोष्ट, फक्त बाहुलीच्या मापाची. पण एवढी बारीक तार आपल्या दुकानात कुठली? तेव्हा मला माळ्यावरचं ते रीळ आठवतं. कुठल्याशा बंद पडलेल्या कारखान्याच्या भंगारातून तुम्ही वार्निशचे डबे आणि कागद आणला होता, त्या पोत्याच्या तळाशी ते निघालं होतं. आईनं ते उन्हात धरून विचारलं होतं, "हे कुनाचं केस आनलं?" आणि तुम्ही म्हणाला होता, "संगं फुकट आलं. खोडीचा माल हाय, कुनी घेत न्हवतं." मी ते मागितल्यावर तुम्ही एवढंच म्हणता, "घे. मला काय तिचं लोणचं घालायचंय?"

ती तार त्या दिवशी माझ्या हातात किती वेळा तुटली त्याला गणती नाही. रस्त्यावरून उसाचा ट्रक खड्ड्यातून गेला की टेबल हले आणि तार तुटे. शेवटी मी टेबलाच्या चारी पायांखाली टायरच्या ट्यूबचे तुकडे घातले. ते अजून तिथेच आहेत. वरात दुकानावरून गेली तेव्हा तुम्ही हात पुसत दारात येऊन उभे राहिलात. बेंजोवाल्यानं तुम्हाला बघून मुद्दाम जोरात आवाज काढला. तुम्ही ऐकलंत, म्हणालात, "वाजतंय," आणि आत जाऊन परत तार ओढायला लागलात. त्यानंतरचं सगळं माझं मी केलं. बिघडलेली पिकअपं मागवून उलगडली, वेढे मोजले, वाचता येईल तेवढं मोबाईलवर वाचलं. मला आजही गिटार वाजवता येत नाही. मी एक तार छेडतो आणि ती विझेपर्यंत ऐकतो.

माल कसा जमवला तेही सांगतो, कारण माझा सगळा अभिमान त्यातच आहे. लोहचुंबक मी बाजारातले काळे घेत नाही, ते आवाजाला कर्कश करतात. मीटर बनवणाऱ्यांना लागतात तसल्या मिश्रधातूच्या कांड्या मागवतो आणि प्रत्येक कांडी दोऱ्याला टांगून उत्तर कुठली ते बघतो, सुई किती लांबून उचलते ते बघतो, जी आळशी निघेल ती परत. वरखालच्या पट्ट्यांना आपल्या मोटरीच्या खाचांत घालतो तोच कागद वापरतो, तीन थर चिकटवून, दाबून. तळाची पितळी पट्टी नगरला भांडीवाल्याकडून कापून आणतो, कारण तयार मिळते ती पट्टी पितळेसारखी दिसते, पण पितळ नसते. शेवटी पिकअप मेणात बुडवावं लागतं, नाहीतर मोठ्या आवाजाला ते शिट्टी मारतं. त्या मेणासाठी मी राजूरच्या बाजारात जातो. तिथं डोंगरातला मध विकणारी एक बाई आहे. पहिल्यांदा तिनं विचारलं, "नुसतं मेण? कशाला वो भाऊ?" म्हटलं, वाजवायच्या वस्तूला लागतं. "मंग मध बी न्या की, आवाज ग्वाड व्हईल." आजूबाजूच्या बाया पोट धरून हसल्या. मी मधही आणला. आईनं तो संपवला आणि मेणासाठी घेतलेल्या पातेल्यावरून मला महिनाभर बोलली.

आता अडलंय काय ते ऐका. पुण्याचा एक जण स्वतः गिटारी बनवतो. त्यानं माझं पिकअप कुणाच्या तरी गिटारमध्ये ऐकलं आणि शोधत इथवर आला, गाडी दुकानासमोर लावून तासभर तुमच्या बाकावर बसला. म्हणाला, "दादा, माझ्या सगळ्या गिटारींना तुमची पिकअपं घालतो. वर तुमचं नाव. पण आवाज हाच पाहिजे, यातलं काहीही बदलायचं नाही." आप्पा, या मोटरींतून बाहेर पडायची एवढी एकच वाट मला आयुष्यात दिसली आहे. उन्हाळ्यात मोटर जळली की माणूस दारात येऊन बसतो, ऊस वाळतोय म्हणतो, त्याला नाही म्हणता येत नाही. तुम्हालाही आलं नाही. माझा उजवा खांदा आता वर जात नाही, वार्निशनं छाती भरते. त्यानं जाताना विचारलं, "तार कुठून घेता?" मी म्हणालो, "माल मी स्वतः निवडतो." ताठ मानेनं म्हणालो. आणि तो गेल्यावर माळ्यावरून रीळ काढलं, तर आतलं लाकूड दिसत होतं. एका गिटारीपुरती तार असेल नसेल.

मग मी तेच केलं जे तुमच्या हाताखाली तयार झालेला कुणीही करेल. आठवतं का, अगदी सुरुवातीला मी वरच्या इन्शुलेशनच्या लेपासकट तार मोजली होती तेव्हा तुम्ही सगळ्या गिऱ्हाइकांदेखत म्हणाला होता, "नवरी बघायला गेला आन् शालूच मोजून आला व्हय! तांबं मोज, तांबं!" तो हशा माझ्या कानातून गेलेला नाही. म्हणून मी जुन्या तारेचं टोक काडीवर जाळलं, पुसलं, मायक्रोमीटर लावून निखळ तांबं मोजलं, आणि तेवढ्याच तांब्याची, चांगल्यातल्या चांगल्या जाड लेपाची तार मागवली. मोटरीत लेप जाड तेवढी मोटर टिकते, हे माझ्या हाडात बसलेलं. रीळ आलं, मशीनवर चढवलं, आणि निम्म्याहून थोडे जास्त वेढे झाले तर डबी भरली. तार तीच, अंगावरचे कपडे जाड. पिकअपमध्ये लेपाची जाडी हाच सगळा हिशेब असतो हे मी लोकांना समजावून सांगतो, आप्पा, आणि स्वतः मागवताना तुमच्या मापानं मागवली. जेवढे वेढे बसले तेवढ्यांचा आवाज पत्र्याच्या डब्यावर नख मारल्यासारखा.

पुन्हा मागवली, या वेळी पातळ लेपाची. वेढे बरोबर बसले. बेंजोवाल्याच्या मुलाला, तो आता गिटार वाजवतो, बोलावून जुन्या आणि नव्या तारेची दोन्ही पिकअपं ऐकवली. तो म्हणाला, "नवं चांगलंय की. पर त्ये न्हाई." मलाही ऐकू येत होतं. मग मी जुन्या तारेची वीतभर वीतभरावर मापं घेतली. एकही माप दुसऱ्यासारखं नाही. कुठे जाड, कुठे बारीक, लेप कुठे आहे, कुठे नावाला. तुम्ही म्हणालात ते खरं होतं, तो खोडीचाच माल आहे. ज्या आवाजासाठी पुण्याहून माणूस आला तो त्या खोडीत आहे. मी कांडी कांडी दोऱ्याला टांगणारा माणूस, आणि माझं नाव ज्यावर उभं आहे ती वस्तू कुणीतरी टाकून दिलेली. चांगली तार जगात कुठेही मिळते. अशी वाईट तार कुणाकडे मागायची?

आईला विचारलं. ती आधी राहुरीकडचं म्हणाली, मग मनमाडचं, मग चिडली. "तुजे वडील कुटं जायचे त्ये मला कदी सांगून गेले का? पोतं आनायचे आन् म्हनायचे, च्या टाक." नगरला एमआयडीसीत दोन दिवस फिरलो. दोन भंगारवाल्यांनी तुमचं वर्णन ऐकून मान हलवली. एकानं विचारलं, "त्येच येनार हायेत का सोता? म्हंजी वळख पटंल." मी नाही म्हटलं आणि निघालो. रस्त्याला लागलेल्या कुठल्याही बंद गेटकडे बघितलं की वाटतं, इथंच असेल, आत कुठंतरी पोत्याच्या तळाशी असेल. आणि परत दुकानात आलो की दारात कुणीतरी जळकी मोटर घेऊन बसलेलं असतं. नवी तार वापरून तोच आवाज म्हणून पाठवावं, तर फरक मलाच ऐकू येत राहणार. खरं सांगावं, तर मी निवडतो म्हणालो होतो त्याचं काय? आणि हे बाकडं, हा खांदा, ही पाटी, हे सगळं मग मरेपर्यंत आहेच.

मी ठरवलं होतं की खरंच सांगायचं. आज तो पुणेवाला फोन करणार होता. मागच्या फोनवर मी त्याला, तार यायची आहे, थोडं थांबा, एवढंच म्हणालो होतो. या वेळी मनात वाक्य बसवून ठेवलं होतं, की तार संपली, पुढची वेगळी असेल, पटलं तर घ्या. तुम्हाला हे लिहिता लिहिता ते वाक्य आणखी पक्कं झालं होतं. मघाशी लाईट आली, पंखा सुरू झाला, कागद उडाले, ते धरतोय तोवर फोन वाजला. "दादा, तारेचं काय झालं?" आणि माझ्या तोंडून निघालं, "मिळाली." "अरे वा! कुठून?" म्हटलं, "वडिलांच्या ओळखीचा एक जण आहे, तो देतो." तो खूश झाला. त्यानं विचारलं, "वडील अजून काम बघतात का?" आप्पा, मी म्हणालो, आता थकलेत, पण रोज येऊन बसतात दुकानात.