ओळखीची खोली

८ सप्टेंबर २००६, शुक्रवार

पुण्यात राहायला जागा मिळाली! एवढं वाक्य सुवर्णाक्षरांत लिहावं अशी परिस्थिती आहे. गेला आठवडाभर कर्वेनगरात खोल्या पाहत होतो. पहिले घरमालक म्हणाले, नाव काय आपलं? म्हटलं, सुखदेव. म्हणाले, पूर्ण सांगा. म्हटलं, सुखदेव गजभिये, राहणार नागपूर. लगेच त्यांना आठवलं की त्या खोलीत पुतण्या यायचाय. दुसऱ्यांकडेही पुतण्याच यायचा होता. तिसरीकडे मीच विचारलं, पुतण्या की भाचा? दार लागलं.

शेवटी धावून आला बद्रीनाथ. बँकेत आम्ही उभी हयात शेजारशेजारच्या काउंटरवर काढली. माझ्या डब्यातली भाजी त्यानं संपवायची आणि वर मीठ कमी म्हणून सांगायचं, असा आमचा घरोबा. उदारीकरणात बँकेला आम्ही जड झालो तेव्हा स्वेच्छानिवृत्तीही बरोबरच घेतली. पुढे तो पुण्याला आला, बँकांसाठी सॉफ्टवेअर करणाऱ्या कंपनीत. तिथली पोरं हुशार, पण काउंटरच्या आतली बाजू कुणीच पाहिलेली नाही. म्हणून आमच्यासारख्या जुन्या खोडांना 'तज्ज्ञ' म्हणून ठेवतात. आता तो नागपूरला परत निघालाय. त्याची खुर्ची मला, त्याची खोलीही मला.

खोली म्हणजे वारज्यातल्या 'निवांत स्टुडिओ' हॉटेलातली. हायवेच्या आतल्या अंगाला, तीन मजली. एकाच खोलीत पलंग, टेबल, कपाट, कोपऱ्यात गॅसचा ओटा, दोन भांडी, छोटा फ्रिज. गाळलेलं पाणी, गरम पाणी, गॅलरीतून टेकडी. भाडं ऐकून मी पुन्हा विचारलं, की महिन्याचंच ना? व्यवस्थापक कौशल्याबाई म्हणाल्या, "आपल्याला जास्त द्यायचं असेल तर आमची हरकत नाही." अस्सल पुणं. पण त्यांनी आडनाव विचारलं नाही. फक्त विचारलं, "कुणाच्या ओळखीनं?" इथे जाहिरात नाही, पाटी नाही. राहणारा ज्याचं नाव सांगेल, तोच पुढचा पाहुणा.

आणखी एक रिवाज आहे. ज्यानं आणलं, त्यानं नव्या माणसाला आपल्या हातचा पहिला चहा द्यायचा. बद्रीनाथनं दिला. स्वतःचा कप तसाच ठेवून दोन्ही हातांनी किल्ली माझ्या हातात ठेवली आणि ढसाढसा रडला. म्हटलं, काऊन रे राजा, खोलीसाठी रडतोस की माझ्यासाठी? बॅग उचलून गेला. गेटपाशी वळून हात करेल म्हणून गॅलरीत थांबलो. वळला नाही.

१० सप्टेंबर, रविवार

सकाळी खाली नाश्त्याला सगळे पाहुणे एकत्र असतात. सगळे माझ्यासारखेच बाहेरून आलेले, सगळे शांत, इस्त्रीच्या कपड्यांतले, कशाचीच तक्रार नसलेले. पुण्यात राहून तक्रार नाही, ही मला जरा शंकास्पद बाब वाटली.

शेजारच्या खोलीतले यज्ञेश्वर मूळचे यवतमाळचे. खांद्याला कंपनीची बॅग. पोहे खाता खाता त्यांनी विचारलं, नवं शतक लागताना ते कॉम्प्युटर बंद पडणार होते, त्याचं पुढे काय झालं? म्हटलं, काही झालं नाही, सहा वर्षं झाली. ते म्हणाले, "असं होय?" आणि लिंबू पिळलं. विनोद चांगला होता. चेहरा न हलवता करतात.

आपलंही शुभवर्तमान सांगितलं. चैतालीला कॉलेजातूनच नोकरी लागली आहे आणि पोस्टिंग पुण्यालाच, पुढच्या महिन्यात. पोरीला पुतण्यांच्या गावात वणवण नको. कौशल्याबाईंना म्हटलं, माझ्या लेकीसाठी शब्द टाकून ठेवतो. त्या म्हणाल्या, "शब्द दिलात ना?" म्हटलं, दिला. बाई पहिल्यांदाच हसल्या. यज्ञेश्वरांच्या हातून चमचा पडला.

संध्याकाळी फोनवर चैतालीच्या आईला, चंपाला, सांगितलं. म्हणाली, "बाप्पा, दोन दिवसांत ओळखी पण झाल्या? आता घरी येऊन आम्हाला नियम नका शिकवू म्हणजे झालं." मनातून खूश होती. आपल्या माणसाच्या शब्दाला परक्या गावात किंमत आहे, ही गोष्ट आमच्या घरात साधी नाही.

१५ सप्टेंबर, शुक्रवार

ऑफिसात मजा आहे. आज एका पोरानं विचारलं, सर, म्हातारे लोक सही वेगळी का करतात? म्हटलं, हात थरथरतो बाळा. त्यानं ते लिहून घेतलं.

खोलीबद्दल काय लिहू? सुख बोचायला लागलंय म्हटलं तर कुणी हसेल. गादीत बद्रीनाथच्या अंगाचा खड्डा होता, तो आता माझ्या मापाचा झालाय. कौशल्याबाई सकाळी चहा पाठवतात, त्यात सुंठ असते, आणि चंपा टाकते तेवढीच. मी कुणाला सांगितलं नव्हतं. काल ओट्याजवळच्या भिंतीला बारीक तडा दिसला. नागपूरला आमच्या स्वयंपाकघरात तसाच आहे, तसाच खाली येऊन डावीकडे वळणारा. परवा नव्हता.

योगायोग. माणूस घर आठवतो तेव्हा त्याला भिंतीही तशाच दिसतात.

१७ सप्टेंबर, रविवार

कसबा पेठेत जाऊन तांबट आळीतून चंपासाठी तांब्या घेतला. ठोक्याठोक्यानं घडवलेला, लखलखीत. दोन ऑक्टोबरला घरी जायचंय. यंदा धम्मदीक्षेला पन्नास वर्षं होतात. छप्पन साली माझे वडील त्या मैदानावर होते, मी आईच्या पोटात. तेव्हापासून आमचं घर दरवर्षी दीक्षाभूमीबाहेर पाण्याचा स्टॉल लावतं. मी एकदाही चुकलेलो नाही.

कौशल्याबाईंना सुट्टीचं सांगितलं. म्हणाल्या, "जाऊन पाहा."

जाऊन या, असं म्हणायला हवं होतं त्यांनी. पुणेकरांना शब्द वाचवायची सवय असते म्हणून सोडून दिलं.

२४ सप्टेंबर, रविवार

नीट लिहून काढतो. काल दुपारी स्टॉलची तयारी बघायला नागपूरच्या बसमध्ये बसलो. खिडकीची जागा. मांडीवर तांब्या. शेजारच्या माणसाशी संत्र्यांवर बोललो. वाघोली मागे पडल्याचं पाहिलं. डोळा लागला.

जाग आली ती या पलंगावर. सकाळ. टेबलावर सुंठेचा चहा, वाफ येणारा. चपला रॅकमध्ये. तांब्या कपाटावर. तिकीट खिशात, फाडलेलं.

खाली कौशल्याबाईंना विचारलं, मला कुणी आणलं? म्हणाल्या, "आपण गेलात कुठे?"

ऑफिसला जाता येतं. पेठेत जाता येतं. घरी निघालो की —

पुन्हा बघेन.

२६ सप्टेंबर, मंगळवार

पुन्हा पाहिलं. रेल्वेनं. तेच. तोच चहा.

संध्याकाळी उजेड असतानाच यज्ञेश्वरांना गॅलरीत गाठलं. मी विनोद समजत होतो तो विनोद नव्हता. हा माणूस त्या कॉम्प्युटर बंद पडण्याच्या कामासाठी आला आणि इथेच राहिला. कंपनी उठून गेली. म्हणाले, इथून ज्याला घरी जायचंय त्यानं आपल्या जागी आपलं माणूस द्यायचं. परकं चालत नाही. आपल्या शब्दावर विश्वास ठेवून येणारं हवं. ते आलं, आपल्या हातचा पहिला चहा प्यालं, की आपण सुटलो. म्हटलं, मग तुम्ही का नाही दिलं कुणाला? कठड्यावर हात ठेवून म्हणाले, "एक भाऊ होता. त्याला नाही आणवलं गजभिये. आता तर मला ओळखणारंच कुणी उरलं नाही. माणूस द्यायला नसला, की मग खोली आपल्यालाच —"

वाक्य पुरं केलं नाही. त्यांच्या हातातून आरपार मला गॅलरीचा कठडा दिसत होता.

२७ सप्टेंबर, बुधवार

यज्ञेश्वरांच्या खोलीचं दार नाही.

कुलूप नाही असं नव्हे. दारच नाही. सरळ भिंत, ताज्या रंगाचा वास. नाश्त्याला कुणी विचारलं नाही. मी विचारलं. एकजण म्हणाला, कोण यज्ञेश्वर? पोहे छान झालेत.

माझ्या बाजूनं त्या भिंतीला हात लावला. ऊबदार आहे. मध्यावर फुगवटा, खांद्याएवढा. हात ठेवला तर तो — हळू — आत गेला, बाहेर आला.

श्वास घेतल्यासारखा.

२८ सप्टेंबर, गुरुवार

बद्रीनाथला फोन लावला. लागला. मागे कुकरची शिट्टी, नातवंडांचा गोंगाट. मी काही बोलायच्या आत म्हणाला, "कळलं वाटतं."

मी शिव्या दिल्या. नागपुरी, निवडून. ऐकून घेतल्या. मग म्हणाला, त्यालाही असंच कुणी आणलं होतं. म्हणाला, धाकटीचं लग्न होतं रे, बाप नको मांडवात? म्हणाला, मी खूप विचार केला सुखदेव, वाट्टेल त्याला नाही अडकवला. तुझंच नाव का दिलं सांगू? तुझी चैताली पुण्याला येणार हे मला ठाऊक होतं. तुला द्यायला माणूस आहे. तू लवकर सुटशील.

हे तो समजूत घातल्यासारखं म्हणाला. उपकार केल्यासारखं.

इतकी वर्षं माझ्या डब्यात जेवला. माझ्या लेकीच्या बारशाला पेढे त्यानं वाटले. तिचा हिशेब मांडून त्यानं मला —

आणि मी? मी शब्द दिलाय. पोहे खाताना. मिरवून.

आता कळतं, आडनाव का विचारलं नाही. या घराला सगळे सारखेच लागतात. मला मात्र वाटलं होतं, आपल्याला माणूस म्हणून —

२९ सप्टेंबर, शुक्रवार

चैतालीला फोन. म्हटलं, येऊ नकोस. पुण्यात दुसरीकडे राहा, धर्मशाळेत राहा, इथे नको. ती हसली. म्हणाली, "किती कौतुक कराल बाबा! गाद्या, गरम पाणी, सगळं कळलं."

मी ओरडलो. नको येऊस! ती म्हणाली, "हो हो, टेकडी पण दिसते, माहीत आहे."

माझ्या तोंडून निघतं एक. तिच्या कानात जातं दुसरं. माझ्याच आवाजात.

पत्र पाठवलं. ऑफिसातून ईमेल केला. तिचं उत्तर: वर्णन वाचून आईलाही यावंसं वाटतंय.

शेवटी लिहिलंय, तुम्हीच कळवलंत ना सुट्टी नाही म्हणून, मग दोन तारखेला सकाळी मीच येते. स्टॉल आई आणि काका सांभाळतील. आपण दोघं तिथेच वंदना घेऊ.

माझ्यासाठी. दीक्षाभूमी सोडून. माझ्यासाठी —

१ ऑक्टोबर, रविवार

कौशल्याबाई वर आल्या. माझी बॅग भरून दाराशी ठेवली, तांब्यासकट. म्हणाल्या, "उद्या एक कप चहा फक्त. दुपारच्या गाडीला बसलात की आपण आपल्या घरी. या वेळी डोळा लागणार नाही."

म्हटलं, शब्द मागे घेतो. म्हणाल्या, "मग दुसरं नाव सांगा." बद्रीनाथ, म्हटलं. मान हलवली. एकदा सुटलेलं माणूस घेत नाहीत.

दुसरी नावं डोळ्यांसमोर आली. भाऊ. ऑफिसातला तो सही विचारणारा पोरगा. विश्वास ठेवील तो. सर म्हणतो मला.

नाही सांगितलं. पण आली. नावं आली.

बाई गेल्यावर फ्रिज उघडून दूध आहे का पाहिलं.

का पाहिलं मी?

दूध ओतून दिलं. साखर, चहापत्ती, सुंठ, सगळं मोरीत. गॅस बंद. माझ्या हातचा चहा नाही, तर ती सुटली. दार उघडायचं नाही. हाकेला ओ द्यायची नाही. बाबा नाहीत समजून जाईल. रडेल. चिडेल. जाईल.

मग खोली मला घेऊ दे. यज्ञेश्वरांनी भावासाठी केलं, ते मला —

२ ऑक्टोबर

सकाळ. ऊन आलंय. कडी लावली. पलंग सरकवून दाराला टेकवला.

डावा हात कागदावर ठेवला की खालची अक्षरं दिसतात. पाठीमागे भिंत गरम. खुर्ची मी सरकवलेली नाही. भिंतच जवळ येतेय.

एव्हाना मैदान भरलं असेल. चंपा पाणी देत असेल. नव्या तांब्यातून द्यायचं होतं.

जिना. तिची पावलं. ओळखीची. उड्या मारत येते लहानपणापासून —

टकटक.

बाबा, म्हणते. बाबा, मी आले. रात्रभर झोप नाही हो, उघडा ना.

तोंडावर हात धरलाय. लिहितो म्हणजे बोलणार नाही.

पुन्हा. बाबा? आहात ना आत?

गप्प. गप्प. जा पोरी.

चिडली. म्हणते, असं काय बाबा, तुम्हीच बोलावलं ना. बॅग उचलली. पावलं — चालली. जिन्याकडे. चालली ती. जा. जा —

वास. सुंठेचा.

ओट्यावर दोन कप. भरलेले. मी नाही — दूध मी ओतून — आवाज घेतलाच होता, आता माझा हातही —

भिंतीतून आवाज. माझा. अगदी माझा, तिला ताप आला की काढतो तसा मऊ. अगं चैतू, थांब, आंघोळीला होतो. ये. चहा टाकलाय तुझ्यासाठी.

पावलं थांबली. वळली.

पलंग आपोआप सरकतोय. कडी —

मी ओरडतोय, चैताली, नको, पिऊ नको. आणि मलाच ऐकू येतंय, ये बाळा, गरम आहे तोवर —

हसते आहे ती. आत आली. मी समोर आहे, तिला दिसत नाही. कप उचल