स्प्रिंग मी निवडली होती

मी, आउने कुइवामाकी, ओनी कुइवामाकी यांची विधवा, वय एकोणसत्तर, राहणार लेहतोला गाव, दक्षिण पोह्यानमा, फिनलंड. लोण्याच्या कारखान्याच्या प्रयोगशाळेत एकतीस वर्षे मोजमापाचे काम केले, आता निवृत्त आहे. मला बरेवाईट कळते, आजचा वार माहीत आहे, आणि हा कागद मी कोणाच्या सांगण्यावरून किंवा धाकाने लिहीत नाही. यापूर्वी असा कागद केलेला नाही. माझ्या मागे पुढीलप्रमाणे व्हावे.

१. घर, अंगण, वाफेच्या स्नानाची सौना-खोली आणि नदीकडचा बर्चच्या झाडांचा तुकडा माझ्या बहिणीची मुलगी साइमी हिला द्यावा. आम्हांला मूल नाही. घराबाबत एकच सांगणे आहे. उत्तरेकडच्या खोलीची खिडकी बुजवू नये. जूनमध्ये सकाळी शेतांवर धुके येते. ते माणसाच्या कमरेइतकेच असते, वर सगळा उजेड असतो, आणि गवताच्या गंज्या पाण्यावर तरंगल्यासारख्या दिसतात. मार्चमध्ये ओनी गेला, तेव्हापासून मी तिथे बसते. कधी कधी धुक्यातून त्याच्या गाडीचा आवाज येतो. तो जवळ येत नाही आणि दूरही जात नाही. मला त्याचा त्रास होत नाही.

२. दफनाचा खर्च जाऊन बँकेत जे उरेल तेही साइमीचे. मला ओनीशेजारी ठेवावे, दगडावर जागा सोडलेली आहे. भाषणे नकोत. कॉफी चांगली असावी.

३. तांब्याची किटली माझी नणंद लेम्पी हिला देऊ नये. तिने ती तीनदा मागितली, तिसऱ्यांदा ओनीच्या दफनाच्या दिवशी. बाकी कोणालाही द्यावी.

४. गॅरेजमधील निळी वोल्वो, १९७९ सालची. तिची अर्धी मालकी ओनीची होती, ती माझ्याकडे आली आहे आणि माझ्यानंतर साइमीकडे जावी. उरलेली अर्धी मालकी पहिल्या दिवसापासून कालेवी यली-हुक्काला यांची आहे. ते ओनीचे बालमित्र, शेतापलीकडे राहतात. दोघांनी मिळून तिला टर्बो बसवला, आणि रविवारी गावाबाहेरच्या जुन्या धावपट्टीवर चारशे मीटरच्या शर्यतीत ती पळवली. कालेवींचा हिस्सा त्यांना विचारल्याशिवाय हलवू नये. गेली चोवीस वर्षे त्यांना कोणी विचारलेले नाही.

५. स्प्रिंगांचा कॉफीचा डबा, मोजण्याचा काटा आणि माझ्या वह्या साइमीला. ती गाडी चालवते, म्हणून तिच्यासाठी थोडे लिहिते.

टर्बो म्हणजे इंजिनाच्या धुरावर फिरणारा पंखा, तो इंजिनात जास्त हवा दाबून भरतो. त्याला गरजेपेक्षा जास्त धूर मिळू लागला की एक झडप उघडून तो बाजूला सोडते. ती झडप स्प्रिंगने मिटलेली असते. सगळ्यांना वाटते की स्प्रिंग म्हणजे गाडीचा सर्वांत जास्त दाब. तसे नाही. स्प्रिंग म्हणजे कमीत कमी दाब, त्याच्या खाली गाडी येऊच शकत नाही. ओल्या पट्टीवर चाके फिरू लागली की हे समजते. वरचा दाब चालकाजवळचे बटण पिळून चढवता येतो, पण स्प्रिंगच्या दुपटीपुढे जाऊ नये. फार मऊ स्प्रिंग घेतलीस तर मोठ्या दाबाला धूरच झडप ढकलून उघडतो आणि गाडी ऐन वेळी हातपाय गाळते. म्हणून दोन्ही टोके मनात धरून मधली निवड. दोन स्प्रिंगा एकात एक बसवल्या तर त्यांच्या जोराची बेरीज होते. रंगावर विश्वास ठेवू नकोस, रंग प्रत्येक कारखान्याचा वेगळा असतो. स्प्रिंग झडपेत जेवढी दबते तेवढी काट्यावर दाबून वजन घे. दर वसंतात पुन्हा घे, कारण उष्णतेने ती थकते. मग त्या जोराला झडपेतल्या रबरी पडद्याच्या क्षेत्रफळाने भाग, की दाब मिळतो.

पडदा दर वेळी स्वतः मोज.

हे काम मी आणि ओनी स्वयंपाकघरातल्या टेबलावर करायचो. तो स्प्रिंग दाबून धरायचा, मी आकडा वाचायची. तो म्हणायचा, "किती आलं, लोणीवाले?" स्वप्नात अजून विचारतो. मी सांगते, आणि तो आकडा बरोबर असतो. जागी झाल्यावर मला तो आठवत नाही.

६. हे कलम मी कोणाला काही देण्यासाठी लिहीत नाही.

जुलै १९९८ मध्ये कालेवींनी नवी झडप आणली. जुनीपेक्षा हलकी आणि लहान. तिच्यासाठी १.२ बार दाबाची स्प्रिंग मी निवडली. शनिवारी पाऊस होता, चाचणी झाली नाही. रविवारी कालेवी चालवायला बसले. तीनशे मीटरपर्यंत गाडी अशी गेली की पट्टीवरचे लोक उभे राहिले. मग पांढरा धूर आला आणि ती गप्प झाली. पिस्टन वितळला होता. इंधन १.२ बारच्या हिशेबाने सोडलेले होते, आणि दाब त्याहून बराच वर गेला होता. त्या काही सेकंदांत दाबाच्या काट्याकडे बघायला कोणालाच वेळ नसतो.

ओनी धावत गेला. मी थर्मास घेऊन मागे होते.

"बटण पिळलंस ना?" ओनी म्हणाला.

"हात नाही लावला."

"मग काय भुतानं पिळलं?"

"तुमच्या घरात काय मोजलंत ते आधी बघ."

"आउने मोजते," ओनी म्हणाला. "आउने चुकत नाही."

त्यानंतर ते दोघे एकमेकांशी बोलले नाहीत. शर्यतींच्या क्लबने ओनीचे मानले. कालेवी शर्यतीला येईनासे झाले.

चौथ्या दिवशी मी झडप साफ करायला उघडली आणि सहज पडद्यावर माप धरले. व्यास बावन्न मिलिमीटर. वहीत मी जुन्या झडपेचे साठ घेतले होते. त्या स्प्रिंगने दाब १.२ नव्हे, १.६ होत होता. कालेवींनी बटणाला हात लावलेला नव्हता.

ओनी झोपला होता, म्हणून तेव्हा सांगितले नाही. दुसऱ्या दिवशी तो रागात होता. मग हिवाळा आला. दर शनिवारी शेतापलीकडे कालेवींच्या सौनाचा धूर सरळ वर जायचा. ओनी खिडकीतून बघायचा. मीही बघायची. ओनी हे न कळता गेला.

कायद्याप्रमाणे ज्याला काही मिळते तो साक्षीदार होऊ शकत नाही. साक्षीदाराला मजकूर सांगावा लागत नाही, पण हे कालेवींनी साक्षीदार म्हणून वाचावे अशी माझी इच्छा आहे. म्हणून त्यांना मी काहीही ठेवलेले नाही.

लेहतोला, राहते घर, गुरुवार, १६ जून २०२२. (हे स्थळ व तारीख रद्द. पुढे पाहावे. आ. कु.)

७. गुरुवारी सही झाली नाही. त्याचे कारण नोंदवते.

साक्षीला कालेवी आणि पूर्वीच्या पोस्टमास्तर हेल्वी राउताकोर्पी आल्या. कालेवींनी चष्मा लावून सगळे वाचले. सहावे कलम दोनदा वाचले. मग वही मागितली आणि वर्तमानपत्राच्या कडेला गणित केले.

"एक पूर्णांक सहा," ते म्हणाले.

"हो."

"बावन्नचा पडदा."

"हो."

"मला कुणी सांगेल का काय चाललंय?" हेल्वीबाई म्हणाल्या. "मी नुसती सही ठोकायला आलेय."

"या बाईनं मला चोवीस वर्षं खोटारडा ठेवलं, हेल्वीबाई."

हेल्वीबाईंनी कप खाली ठेवला.

"मार्चमध्ये मी आलो होतो," कालेवी मला म्हणाले. "दफनभूमीच्या भिंतीबाहेर उभा होतो. आत कुठल्या तोंडानं यायचं?"

"तुझी टोपी दिसली होती मला."

"दिसली? आणि हाक नाही मारलीस?"

"नाही."

खिडकीबाहेर गवत वाऱ्याने एका बाजूला होत होते आणि परत येत होते. मला वाटले की हे सगळे पूर्वीच होऊन गेले आहे आणि आम्ही तिघे ते आठवत बसलो आहोत.

"हे तू मेल्यावर उघडणार," कालेवी म्हणाले. "मी एकोणऐंशीचा आहे, आउने. तू मला पुरून उरशील. मग हे वाचून दाखवणार कुणाला, माझ्या थडग्याला?"

मी म्हटले, "सही कर, मग बघू."

"इथं नाही. रविवारी क्लबात कॉफीच्या वेळी सहावं कलम वाच. सगळ्यांसमोर, तुझ्या तोंडानं. मग सही घे माझी."

"मला लोकांत बोलता येत नाही."

"मला येत होतं," ते म्हणाले. "काय उपयोग झाला?"

८. रविवारी लिहिलेले. कलम सहा मी वाचले. चौदा माणसे होती. "आउने चुकत नाही" इथे थांबावे लागले. पाणी घेतले आणि शेवटपर्यंत वाचले. चिटणिसाने कपाटातून शर्यतींची जुनी नोंदवही काढली, १९९८ चे पान उघडले आणि पेन कालेवींपुढे ठेवले. कालेवींनी ते माझ्याकडे सरकवले. "चालकाची चूक" असे लिहिले होते. पहिला शब्द मी खोडला आणि त्यावर माझे नाव लिहिले.

क्षमा मी मागितली. कालेवींनी ऐकले. उत्तर दिलेले नाही, आणि ते देण्यास ते बांधील नाहीत.

वरील सर्व मजकूर माझा आहे.

(सही) आउने कुइवामाकी

आम्ही दोघे एकाच वेळी हजर असताना आउने कुइवामाकी यांनी हे आपले मृत्युपत्र असल्याचे सांगून स्वखुशीने सही केली. त्यांची बुद्धी शाबूत आहे.

(सही) हेल्वी राउताकोर्पी, निवृत्त पोस्टमास्तर
(सही) कालेवी यली-हुक्काला, वेल्डर व चालक

लेहतोला, धावपट्टीवरील क्लबची खोली, रविवार, १९ जून २०२२