सकाळचं नॉर्मल रक्त

आदरणीय नॉर्मलताईंना, तुमच्या धाकट्या आणि अजून न सुधारलेल्या सहकाऱ्याचा नमस्कार.

पत्रास कारण की, काही नाही. गुडघे काय म्हणतात? भावजींचा खोकला? तुम्ही निवृत्त होऊन तीन महिने झाले, पण खुर्चीवरची तुमची उशी कुणी हलवलेली नाही. (मी एकदा बसलो, तर स्प्रिंग टोचली. अठरा वर्षं कसं सोसलंत?)

प्रयोगशाळेत तुमच्यावाचून अडतं ते रक्तापाशी. रोज सकाळी रुग्णांच्या नमुन्यांआधी एका धडधाकट माणसाचं रक्त लावून यंत्र ठीक आहे ना ते पाहायचं, आणि ते रक्त कायम तुमचं. हात पुढे करून तुम्ही मला शिकवायचात, की अरे, पेशी दिसायला सारख्याच, रंग घालून त्यांच्या अंगावरचे बिल्ले बघ. सीडी४५ हा बिल्ला सगळ्याच पांढऱ्या पेशींकडे. सीडी३ दिसला की टी पेशी. त्यांतल्या सीडी४वाल्या हुकूम सोडणार, सीडी८वाल्या बिघडलेल्या पेशींचा निकाल लावणार. सीडी१९वाल्या त्या बी पेशी, प्रतिपिंडांचं खातं त्यांच्याकडे. आलेखावर तुमचे ठिपके शाळेच्या प्रार्थनेला उभे राहिल्यासारखे आपापल्या जागी असायचे, म्हणून तर तुम्हाला हे नाव पडलं. माझ्यावर पाळी कधी आली नाही, कारण पहिल्याच दिवशी सुई पाहून मी तुमच्या पायांशी आडवा झालो होतो. (दुसऱ्याला टोचताना मला काही होत नाही.) शुद्धीवर आल्यावर तुम्ही पाजलेला गोड चहा अजून जिभेवर आहे. फार आठवण येते, ताई.

तर गेल्या सोमवारी तुमच्या जागी आलेल्या बाई सर्दीने बेजार (तसलं रक्त चालत नाही), आपल्या प्रयोगशाळेच्या डॉक्टरीणबाई रजेवर. उरलो मी. डोळे मिटून, तुमचं नाव घेऊन हात पुढे केला. आडवा झालो नाही. नुसतं टेबल घट्ट धरलं, ते नेमकं चाकांचं निघालं. आम्ही दोघे भिंतीपर्यंत गेलो. आलेख आला, तर सीडी१९च्या कोपऱ्यात ही गर्दी! आणि त्यांतल्या बहुतेकींच्या अंगावर सीडी५, जो टी पेशींनी मिरवायचा. मी बाईंवर खेकसलो, की रंग चुकीचा घातलात. त्यांनी पुन्हा केलं, तरी तेच. मग रंगाची बाटली बदलली, यंत्र धुतलं, शेवटी दुरुस्तीवाल्याला बोलावलं. त्याने तासभर यंत्र उघडून ठेवलं आणि सांगितलं, यंत्र झकास आहे. मी बाईंची माफी मागितली. त्यांनी आलेखाची घडी करून माझ्या खिशात ठेवली.

बाकी सर्व ठीक. भावजींना सांगा, विचारलंय म्हणून.

तुमचा,
पायांशी आडवा झालेला

ता. क. उशी न्यायला एकदा या.

ता. क. दुसरा: उशीचं निमित्त आहे. पुढच्या गुरुवारी दहा वाजता रक्ताच्या कर्करोगाच्या मोठ्या डॉक्टरांकडे जायचंय. घरी अजून सांगितलेलं नाही. त्याआधी आठला प्रयोगशाळेत याल? आधी तुमचं रक्त लावू, मग लगेच माझं. त्या कोपऱ्याचा अर्थ मला कळतो, तुम्हीच शिकवलाय. पण माझा आलेख तुम्ही वाचावा, दुसऱ्या कुणी नको.

ता. क. तिसरा: भीती वाटतेय, ताई. येताना थर्मासमधून चहा आणा, गोड. मी आडवा होणारच आहे.