कप्तानाच्या घड्याळाचे चार कान

४ मार्च

सकाळची विचारपूस झाली. सूनबाईचा खोकला? थांबला. चिमणीचा हलणारा दात? अजून लटकतोय, पण नात कुणाला हात लावू देत नाही. मुलाची पाठ? "ऑफिसच्या खुर्चीला विचारा, बाबा." हिचा गुडघा? "आहे जागेवर." माझ्या डोळ्यांचं कुणी विचारलं नाही. बरंच झालं! खोटं बोलावं लागलं असतं.

७ मार्च

घड्याळशेठकडून कप्तानाचं घड्याळ आलं. दुकान त्यांचं, घासकाम माझं, घरच्या बाकावर. वर्षानुवर्षं असंच चाललंय. हे घड्याळ बोटीवर वापरलेलं, सगळं स्टीलचं, अंगभर ओरखडे. वरची बाजू बारीक सरळ रेघांची, कडा आरशासारखी. दोन्हींच्या मधली धार सुरीसारखी राहायला हवी. ती बोथट झाली की महागडं घड्याळसुद्धा हातगाडीवरचं दिसतं.

शेठ हळूच म्हणाले, "काका, मागच्या खेपेला एका पट्ट्यावर रेघा तिरक्या गेल्या होत्या. गिऱ्हाईक भिंग लावून बघतं हो. हे नीट झालं पाहिजे. नाहीतर मला दुसरा माणूस बघावा लागेल."

दुसरा माणूस! घरी येऊन हिला सांगितलं. चहा तसाच गार झाला.

८ मार्च

डोळ्यांच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, मोतीबिंदू पिकलाय. ऑपरेशन दोन आठवड्यांनी. "तोवर बारीक काम बंद." मी मान हलवली. मान हलवायला काय जातंय?

९ मार्च

काम सुरू! डोळे नसले तरी नख आहे. रेघांवरून आडवं फिरवलं की सगळं सांगतं. पॉलिश पेपर एका बाजूने सरळ ओढायचा, उचलायचा, पुन्हा पहिल्या जागी टेकवायचा. मागे-पुढे घासलं तर ते भांडं झालं, घड्याळ नव्हे. हे कुणी शिकवलं नाही मला. घरच्या स्टीलच्या चमच्यांवर शिकलो. संसार नवा होता तेव्हा एक चमचा गुळगुळीत राहिला नव्हता. ही म्हणायची, "पाहुणे विचारतात, तुमच्याकडे चमच्यांना मांजर ओरबाडतं का?"

कितीही सरळ ओढा, माझ्या रेघा शेवटाला केसभर उजवीकडे झुकतात. उजव्या हाताचा गुण! फक्त भिंगाखाली दिसतं. मी त्याला माझी सही म्हणतो.

११ मार्च

चकचकीत कडा झाकायला टेप कापत होतो. टेपऐवजी बोट कापलं. ही आपली कात्री घेऊन आली. ती डावरी, तिची कात्री मला कधी चालली नाही. टेप सर्रकन कापून बिनचूक चिकटवून दिली. मग वाकून बघत राहिली.

"अहो, इथे जरा—"

"बाकाला हात लावायचा नाही."

हा नियम जुनाच. पण आवाज जरा चढाच लागला माझा.

१२ मार्च

दुपारी झोपेत सर्र... सर्र... ऐकू आलं. "काय गं?" "चमचे घासतेय. झोपा तुम्ही."

१४ मार्च

घात झाला! पट्टा जिथे अडकतो ते घड्याळाचे चार कान. त्यातल्या तिसऱ्यावर पेपर घसरला. नखाला आडवी चर लागली. आणखी घासावं तर धार जाणार, सोडावं तर शेठ जाणार. न जेवता आडवा झालो.

उठून पुन्हा नख फिरवलं. चर नाही! परत फिरवलं. नाहीच. म्हणजे आता नखालाही मोतीबिंदू?

१६ मार्च

घड्याळ दिलं. शेठ भिंग लावून एकेक कान फिरवून फिरवून बघत बसले. मग एकदम — "काका, कमाल केलीत! इतकं स्वच्छ काम बऱ्याच दिवसांत आलं नव्हतं तुमच्याकडून."

घरी येऊन सांगितलं. दोनदा. जेवताना तिसऱ्यांदा. ही "छान झालं" म्हणाली आणि चिमणीला वाढायला वळली.

२२ मार्च

आज ऑपरेशन. भीती वाटतेय. हिला सांगितलेलं नाही. हिला कळलेलं आहे.

२३ मार्च

पट्टी निघाली. केवढा हा उजेड! भिंतीला पोपडे आलेत. हिचे केस पार पांढरे झालेत, आणि मला कुणी सांगितलंसुद्धा नाही.

चहा ढवळायला चमचा उचलला आणि हात थांबला. रेघा. भिंग आणून बघितलं. डावीकडे झुकलेल्या. खण उपसला. एकूणएक चमचा! उलथनंसुद्धा सोडलं नव्हतं. काही रेघा ताज्या. काही कधीच्या काळच्या, झिजून पुसट झालेल्या.

चहा तसाच पुन्हा गार.

२६ मार्च

शेठकडे गेलो. कप्तान अजून बोटीवर, घड्याळ दुकानातच. भिंग लावलं. तिसरा कान हिचा असणार, एवढा अंदाज होताच. मग पहिला बघितला. दुसरा. चौथा.

चारही डावीकडे. एकही माझा नाही!

आधी संताप आला. माझ्या बाकावर, मी घोरत असताना! मग धारेवरून नख फिरवलं. सुरी! अशी धार लागली की राग धरवत नाही, काय करणार?

शेठ म्हणाले, "एक नवीन आलंय. डोळा बरा असेल तर न्या."

"दोन द्या," म्हटलं.

२७ मार्च

अगं, वही तुझ्या उशीवर उघडी ठेवतोय. बाकाची डावी बाजू रिकामी केली आहे, दुसरं स्टूलही आणलंय. नियम मोडीत काढला. बसशील? खाली जागा सोडली आहे. उत्तर लवकर लिही. आता मला वाचता येतं.